सव्वा महिन्यानंतर बाळ रडायला लागतं तेव्हा

(फेडरेशनच्या मेळाव्यात कुर्ला विभागाच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या मैत्रिणींना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं.)



अध्यक्षाताईंनी मला विचारलं, कशावर बोलणार? मी म्हटलं, तान्ह्या बाळाच्या रडण्यावर. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, तुझं अजून लग्न व्हायचंय, आणि तू आम्हाला बाळ सांभाळायला शिकवणार?" त्यांचं म्हणणं खरं आहे. इथे बसलेल्या प्रत्येकीने माझ्यापेक्षा जास्त बाळं अंगाखांद्यावर वाढवलीत. म्हणून मी शिकवायला उभी नाही. कुर्ल्याच्या वस्त्यांमध्ये गटांचं काम करताना जे पाहिलं, डॉक्टर आणि सिस्टरांना विचारून जे समजून घेतलं, आणि एके ठिकाणी मी स्वतः चुकले ते, एवढंच सांगणार आहे.

हे तुम्हाला गावात येऊन का सांगायचं? कारण कुर्ल्यातल्या आमच्या गटांमधल्या कितीतरी मुली तुमच्याच लेकी आहेत. लग्न होऊन कुर्ल्याला आल्या, पहिल्या बाळंतपणाला तुमच्याकडे माहेरी गेल्या, आणि सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन परत आल्या. त्यांच्या परत येण्यानंतरचे जे दोन महिने असतात, त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे.

दंड वसूल करायला गेलो तेव्हा

आमच्या एका गटात एक मुलगी आहे. नाव सांगत नाही. वय बावीस. बाळंतपणाहून परत आल्यावर ती लागोपाठ दोन बैठकांना आली नाही. नियमाप्रमाणे सचिवताईंनी तिच्या नावावर गैरहजेरीचा दंड लिहिला. तो दंड आणि बचत घ्यायला आम्ही दोघी संध्याकाळी तिच्या खोलीवर गेलो.

दहा बाय दहाची खोली, वर माळा. दार उघडं होतं. बाळ लालबुंद होऊन, मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन किंचाळत होतं. आणि ती मोरीच्या कट्ट्यावर बसली होती, बाळाकडे पाठ करून. सचिवताईंना बघून ती एवढंच म्हणाली, "मावशी, याला घेऊन जा. नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल."

सचिवताईंनी वही माझ्या हातात दिली आणि बाळ उचललं. मुलगी तिथेच आडवी झाली आणि दहा मिनिटांत तिला झोप लागली.

नंतर कळलं ते असं. बाळ रोज संध्याकाळी सहाला रडायला सुरुवात करायचं ते रात्री दहा-अकरापर्यंत. नवरा सिक्युरिटीच्या नाइट ड्युटीवर. शेजारचे भिंतीवर थाप मारायचे. सासूबाई म्हणायच्या, "माहेरी बरं होतं ना, मग इथे आल्यावरच कसं रडतं? तुझं दूध पुरत नाही." माहेरून आई फोनवर म्हणायची, "प्रवासात दृष्ट लागली असेल." तिला एकच समजलं होतं की आपण वाईट आई आहोत.

मैत्रिणींनो, ती वाईट आई नव्हती, आणि तिचं दूधही कमी नव्हतं. दुसऱ्या दिवशी हेल्थ पोस्टवर बाळाचं वजन केलं. ते छान वाढलेलं होतं.

मग बाळ रडत का होतं?

जगभरातल्या बाळांचं रडणं डॉक्टरांनी मोजून पाहिलंय. बाळ दोन आठवड्यांचं झालं की त्याचं रडणं वाढायला लागतं. सहा आठवड्यांच्या आसपास ते सगळ्यात जास्त असतं. मग हळूहळू कमी होतं, आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक थांबतं. बाळ दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलं असेल तर हे आठवडे डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजायचे. अगदी ठणठणीत बाळसुद्धा सहाव्या आठवड्यात दिवसाला दोन-दोन तास रडू शकतं. आणि ते बहुतेक करून दुपारनंतर, तिन्हीसांजेला. अंगावर पिणारं असो की बाटलीवरचं, दोघांचं तेच.

काही बाळं याहून जास्त रडतात. १९५४ साली वेसेल नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी तीनाचा हिशोब सांगितला: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, आणि असं तीन आठवडे. बाळ एरवी चांगलं पितं, वाढतं, पण असं रडतं, तर त्याला डॉक्टर कॉलिक म्हणतात. आपण म्हणतो पोटशूळ, पोटात कळ येणं, गॅस होणं. साधारण पाच बाळांतल्या एकाला हे होतं. नेमकं कशाने होतं, याचं एक उत्तर डॉक्टरांकडेही नाही. बाळ पाय पोटाशी घेतं, वारा सरतं, म्हणून आपल्याला पोटच दिसतं. पण खूप रडल्यावर हवा पोटात जाते आणि त्यानेही पोट फुगतं.

आता सव्वा महिन्याचा हिशोब करा. सव्वा महिना म्हणजे सदतीस-अडतीस दिवस. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. म्हणजे ज्या आठवड्यात बाळाचं रडणं कळसाला जायचं असतं, त्याच आठवड्यात आपण लेकीला गाडीत बसवतो. माहेरी आई असते, काकू असते, धाकटी बहीण असते, शेजारची आजी तेल लावायला येते. बाळ रडलं तरी सहा हात असतात. लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरली की राहतात तिचे दोन. आणि सगळे म्हणतात, इथे आल्यावरच रडायला लागलं. जागा बदलली म्हणून नाही हो, बाळाचे दिवस भरत आले म्हणून.

आणखी एक. सरकारच्या नियमाप्रमाणे दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई घरी सहा वेळा येते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यानंतरच्या भेटी बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर सुरू होतात. म्हणजे शेवटची, बेचाळिसाव्या दिवसाची भेट बऱ्याच लेकींची चुकते, कारण तोवर त्या गाव सोडून गेलेल्या असतात. आणि पुढचे दीड महिने, नेमके रडण्याचे, कुणीच येत नाही.

आधी काय बघायचं

बाळ रडलं की पहिल्यांदा औषधाची बाटली नको. आमच्या गटाने सात गोष्टी पाठ केल्यात.

१. भूक. दोन तास झाले नसतील तरी छातीशी लावून बघा.
२. लंगोट ओला आहे का, कातडी लाल झाली आहे का.
३. उकडतंय का, थंडी वाजतेय का. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात टोपी, मोजे, दुपटं घातलेलं बाळ रडणारच.
४. ढेकर निघाली का.
५. काही आवळलंय का. करदोटा, वाळे, मनगट्या, काळा दोरा बघा. बाळ आठवड्याला वाढतं, दोरा वाढत नाही. हातापायाची बोटं एकेक करून बघा. आईचा केस बाळाच्या बोटाला गुंडाळून बोट सुजल्याचं होतं, आणि ते पटकन दिसत नाही.
६. काही चावलंय का. ढेकूण, मुंगी, डास.
७. ताप आहे का. हात लावून नाही, थर्मामीटरने. तो गटाच्या पेटीत ठेवा, सगळ्यांना होईल.

दीड महिन्याची लस टोचली असेल तर एक-दोन दिवस किरकिर आणि थोडा ताप येऊ शकतो. त्यासाठी काय द्यायचं, किती द्यायचं, हे लस टोचणाऱ्या सिस्टरांनाच विचारून घ्या. मात्र ताप जास्त असला, दोन दिवसांत उतरला नाही किंवा बाळ मलूल वाटलं तर लसीचा म्हणून सोडून देऊ नका.

सातही गोष्टी बघितल्या, काही नाही, तरी बाळ रडतंय. मग त्याला शांत करण्याचे उपाय तुम्हाला माझ्याहून जास्त येतात. उघड्या छातीवर बाळ घेऊन बसा. खांद्यावर घेऊन फेऱ्या मारा. हाताच्या कोपरापासून पंजापर्यंत बाळाला पालथं धरा, डोकं कोपराच्या बाजूला, आणि पाठीवर हात फिरवा. हे जागं असताना, झोपवताना मात्र उताणंच. पाय हळू सायकलसारखे फिरवा. अंधार करा, टीव्ही बंद करा, पंख्याचा किंवा नळाचा एकसारखा आवाज ऐकवा. एका उपायाला दहा मिनिटं द्या. दर मिनिटाला नवीन काही केलं की बाळ आणखी बिथरतं. आणि हे सगळं करूनही ते रडलं, तर समजा की तुमची चूक नाही. काही संध्याकाळी काहीच लागू पडत नाही.

जे देऊ नये ते

आता आज्यांनो, माझ्यावर रागावू नका.

सहा महिन्यांपर्यंत बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय काही नको. पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडून. गुटी नको. सहाणेवर किती वळसे उगाळले हे प्रत्येक हाताचं वेगळं असतं. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं, आणि आपल्याला वाटतं शांत झोपलं. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये. त्यात असू शकणाऱ्या एका जंतूमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. हिंगाचं पाणी पोटावर बाहेरून लावलंत तर मी भांडणार नाही, पण पाजू नका आणि नाळ वाळली नसेल तर बेंबीला लावू नका.

ग्राइप वॉटरचं विचाराल. ते इंग्लंडमध्ये १८५१ च्या सुमारास निघालं. सुरुवातीला त्यात शेपूचं तेल, सोडा, साखर आणि चक्क अल्कोहोल असायचं. नंतर अल्कोहोल काढलं. त्याने पोटशूळ थांबतो असं सिद्ध झालेलं नाही. मेडिकलवाल्याला विचारून "पोटदुखीचे थेंब" तर कधीच आणू नका. त्यातल्या काहींमध्ये डायसायक्लोमीन नावाचं औषध असतं, ते सहा महिन्यांखालच्या बाळाला चालत नाही. त्याने श्वास अडकू शकतो.

आणि चटके. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके द्यायची जुनी रीत आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या २२ दिवसांच्या बाळाला असे चटके दिल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. आपण म्हणतो, अरे देवा, अशी कशी माणसं! पण ती माणसं बाळावर राग काढत नव्हती. बाळ बरं व्हावं म्हणूनच करत होती. घाबरलेलं घर काहीही करतं. म्हणून घाबरण्याआधी माहिती पोचायला हवी.

आमच्या कुर्ल्याचीच जुनी गोष्ट सांगते. कुर्ल्यात स्वदेशी मिल होती. मुंबईच्या गिरण्यांमध्ये तेव्हा हजारो बायका काम करायच्या, त्यातल्या कितीतरी कोकणातून आणि घाटावरून आलेल्या. तुमच्या-माझ्या पणज्याच म्हणा. १९२० च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या बाईडॉक्टरांना गिरणीतल्या बायकांची पाहणी करायला नेमलं. त्यांनी लिहून ठेवलंय की या बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जायची. तिला "बाळागोळी" म्हणायचे. सकाळी गोळी द्यायची, बाळ गुंगीत पडायचं, आई दिवसभर साच्यावर.

त्या बायका दुष्ट होत्या का? नाही. बाळाला बघणारं कुणी नव्हतं, आणि खाडा झाला तर पगार जायचा. बाळंतपणाचा लाभ देणारा कायदा मुंबई प्रांतात आला तो १९२९ साली. बाळाला धरायला माणूस नसलं की त्या जागी गोळी येते, बाटली येते, आता मोबाईल येतो. हे शंभर वर्षांपूर्वीही तसंच होतं आणि आमच्या गल्लीत आजही तसंच आहे. तेव्हा आजी, तुमची गुटी नको म्हणते, पण तुमचा खांदा हवा. जुन्या काळी बाळ शांत व्हायचं ते उगाळलेल्या वेखंडाने कमी आणि तुम्ही उचलून फिरवायचात त्याने जास्त, असं मला वाटतं.

दूध वर येणं

रडण्याबरोबर दुसरी तक्रार असते: बाळ दूध टाकतं. त्याला डॉक्टर रिफ्लक्स म्हणतात. जठराच्या तोंडाशी जी झडप असते ती तान्ह्या बाळाची सैल असते. त्यात बाळ सदा आडवं, आणि पोटात सगळं पातळच. म्हणून प्यायलेलं थोडं वर येतं. पहिल्या तीन-चार महिन्यांत जवळजवळ निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध काढतात. बाळ दूध काढून पुन्हा हसतंय, वजन वाढतंय, दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी करतंय, तर ते आजार नाही, धुण्याचं काम आहे. बसायला लागलं की कमी होतं, वर्षाच्या आत बहुतेक थांबतं.

त्यासाठी एवढं करा. थोडं थोडं, जास्त वेळा पाजा. मध्येच एकदा ढेकर काढा. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं उभं धरा. लगेच तेल-अंघोळ नको. झोपवताना सपाट जागेवर, उताणं; दूध टाकतं म्हणून पालथं झोपवू नका, डोक्याखाली उशी नको. झोळीत टाकलंत तर हनुवटी छातीत रुतत नाही ना, बघा. बाटली असेल तर भोक फार मोठं नको, आणि उकळल्याशिवाय वापरू नका.

"दूध पुरत नाही" म्हणून पावडरचं दूध सुरू करू नका. बाळ वरचं प्यायलं की आईला कमी ओढतं, आणि मग दूध खरंच कमी होतं. दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरत नाही. लघवी आणि वजन यावरून ठरतं. पहिल्या महिन्यांत बाळाचं वजन महिन्याला साधारण अर्धा किलो ते एक किलो वाढतं. आणि बाळाचं पोट दुखतं म्हणून आईची डाळ, भाजी, फळं बंद करू नका. बाळंतिणीला उपाशी ठेवून बाळ शांत होत नाही. एखाद्या बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी असते, पण ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं.

मी चुकले ती गोष्ट

त्या पहिल्या मुलीच्या बाळानंतर मला वाटायला लागलं की आता मला सगळं कळतं. पुढे दुसऱ्या गटातल्या एका ताईचा फोन आला. पहिलाच मुलगा, पाच आठवड्यांचा. "खूप रडतो, दूध टाकतो." मी रस्त्यात होते. म्हटलं, "काळजी करू नका ताई, या वयात होतं. उभं धरा, तीन महिन्यांत जाईल."

मी विचारलंच नाही की दूध कसं टाकतो. लघवी किती वेळा होते, वजन किती, काहीच नाही.

तीन दिवसांनी मी घरी गेले तेव्हा बाळ प्यायलं आणि उलटी झाली ती ओघळली नाही, कारंज्यासारखी लांब उडाली. लगेच पुन्हा भुकेने तोंड उघडायला लागलं. लंगोट सकाळपासून कोरडा होता. टाळू खोल गेली होती. आम्ही त्याच क्षणी निघालो. गटाच्या कोषाध्यक्षताईंनी बैठकीची वाट न बघता पेटीतून पैसे काढून दिले, सह्या नंतर झाल्या. मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफी झाली. जठरातून पुढे जाणारी वाट जाड होऊन बंद पडत आली होती. आधी सलाईन, मग छोटं ऑपरेशन. बाळ आज छान आहे, मला बघून हसतं. पण त्या तीन दिवसांचं ओझं माझ्या मनावर आहे. त्या ताईने माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून ती थांबली.

म्हणून "रडणं नेहमीचंच असतं" हे वाक्य मी आता अर्धं बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. पुढची यादी कापून भिंतीला लावा.

लगेच दवाखान्यात न्या, उद्यावर टाकू नका

– तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप, किंवा अंग गार पडणं
– पिणं सोडलं, किंवा ओढायची ताकद नाही
– हिरवी किंवा रक्ताची उलटी. दर वेळी लांब उडणारी उलटी
– शौचात रक्त
– सहा-आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेली. किंवा टाळू फुगली
– बाळ मलूल, उठवून उठत नाही, झटके
– श्वास जोरात, छाती आत ओढली जाते, ओठ निळे
– पोट फुगून घट्ट, किंवा जांघेत गाठ
– एरवीपेक्षा वेगळं, चिरकं, न थांबणारं रडणं. किंवा बाळ पडलं असेल
– वजन वाढत नाही, पिताना दर वेळी पाठ कमान करून रडतं (हे एक-दोन दिवसांत दाखवा)

१०८ ला फोन करा. आणि यादीत नसलं तरी आईचं मन म्हणतंय काहीतरी वेगळं आहे, तर न्या. डॉक्टर हसले तर हसू देत.

आईसाठी

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बोलायला लाज वाटते. रोज चार तास बाळ रडलं की कुठल्याही आईला राग येतो. बाळाला हिसका द्यावासा वाटतो. असं वाटणं म्हणजे पाप नाही. पण बाळाला गदागदा हलवणं, आपटल्यासारखं ठेवणं, हे कधीच नको. बाळाची मान कच्ची असते, डोक्यात रक्तस्राव होतो, जीव जाऊ शकतो किंवा कायमचं अपंगत्व येतं. रडण्याने बाळाला इजा होत नाही, हलवण्याने होते.

तेव्हा असं करा. तुमचा तोल जातोय असं वाटलं की बाळाला उताणं, सपाट चटईवर, सुरक्षित ठेवा. दाराबाहेर या. पाच-दहा मिनिटं. पाणी प्या, तोंड धुवा, शेजारणीला हाक मारा. मग परत जा. त्या दिवशी बाळाकडे पाठ करून मोरीवर बसलेली ती मुलगी खरं तर योग्य तेच करत होती, फक्त हाक मारायला तिला कुणी नव्हतं.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस आईला सारखं रडू येतं, बाळ जवळ घ्यावंसं वाटत नाही, बाळ झोपलं तरी हिला झोप येत नाही, मरणाचे विचार येतात, तर ती नाटकं करत नाही, तिला बाहेरची बाधाही नाही. बाळंतपणानंतर येणारं हे आजारपण आहे आणि ते बरं होतं. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मरणाचा किंवा बाळाला काही करण्याचा विचार बोलून दाखवला तर तिला एक मिनिटही एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आपण गटाने काय करायचं

त्या मुलीच्या गटाने पुढच्या बैठकीत दोन ठराव केले. पहिला, तिचा दंड माफ. दुसरा, "तिन्हीसांजेची पाळी". गल्लीतल्या पाच जणींनी वार वाटून घेतले. संध्याकाळी सात ते आठ एकीने जायचं, बाळ घ्यायचं, आईने जेवायचं किंवा झोपायचं. त्यात समोरच्या खोलीतल्या खालाही होत्या, त्या गटाच्या सभासद नाहीत. नवऱ्याला सुट्टीच्या दिवशी पाळी दिली. पहिल्यांदा तो लाजला, आता गल्लीत खांद्यावर बाळ घेऊन फिरतो. सासूबाई पहिला आठवडा फुगून बसल्या, मग त्यांनीच रविवार मागून घेतला. बाळ त्यानंतरही महिनाभर रडलंच. ते थांबलं त्याच्या वेळेने, साडेतीन महिन्यांचं झाल्यावर. पण आई सावरली.

तुमच्याकडून, माहेरच्या गटांकडून, मला तीन गोष्टी हव्यात.

एक, लेकीला सासरी पाठवण्याआधी तिला आणि जावयाला समोर बसवून सांगा: "पुढचे दीड-दोन महिने बाळ जास्त रडेल. तुझी चूक नाही. थांबेल." जमलं तर बेचाळिसावा दिवस, आशाताईची भेट आणि दीड महिन्याची लस माहेरीच होऊ द्या, मग पाठवा. निघण्याआधीचं वजन कार्डावर लिहून घ्या आणि कार्ड तिच्या पिशवीत टाका.

दोन, ती कुर्ल्याला, ठाण्याला, पुण्याला जिथे जाईल तिथल्या गटाला फेडरेशनमार्फत कळवा. आपल्या वहीत कर्जाचा हप्ता एका गावाहून दुसऱ्या गावाला कळतो. एक बाळंतीण आली हेही कळू शकतं.

तीन, प्रत्येक बैठकीत बचत आणि वसुली झाली की अध्यक्षांनी एक प्रश्न विचारायचा: "चार महिन्यांच्या आतलं बाळ कुणाच्या घरी आहे? आणि त्या घरी या आठवड्यात कोण गेलं होतं?" उत्तर इतिवृत्तात लिहायचं. बाळाच्या दवाखान्यासाठी अंतर्गत कर्ज लागलं तर बैठकीची वाट न बघता देण्याचा ठरावही आजच करून ठेवा.

मघाशी अध्यक्षाताई म्हणाल्या की मला बाळ नाही. खरं आहे. पण होईल तेव्हा मीही सव्वा महिन्याने माझ्या खोलीवर परत जाईन, आणि तिन्हीसांजेला माझंही बाळ रडेल. त्या वेळी तुमच्यातली कुणीतरी दार वाजवेल, या भरवशावर मी हे सगळं बोलले.